सव्वा हात लांब पोळी

पोळी कशावर भाजतात? तुम्ही म्हणाल, हा काय प्रश्न झाला मॅडम, तव्यावर! बरोबर. पण आमच्या नागपुरात एक पोळी अशी आहे की तिला तवा पुरतच नाही. ती भाजतात मडक्यावर. मडक्याच्या आत नाही हं, मडक्याच्या पाठीवर! चुलीवर मडकं पालथं घालायचं, खालून लाकडांचा जाळ करायचा आणि वरच्या फुगीर पोटावर पोळी पसरायची. मिनिटभरात ती तयार. कोणी तिला लांब पोळी म्हणतं, कोणी लंबी रोटी, कोणी मटका रोटी. झणझणीत रश्शासोबत ती बारा महिने चालते. पण उन्हाळ्यात आंब्याच्या रसात बुडवून खाल्ली, की मग बोलायचं काम नाही.

पालथ्या भांड्यावर भाजायची ही रीत जुनी आहे. ज्ञानेश्वरांनी पाठ तापवली आणि मुक्ताबाईंनी त्यावर मांडे भाजले, ही कथा तुम्हाला ठाऊक असेल. विसोबांनी कुंभारांना ताकीद दिली म्हणून मुक्ताबाईंना भांडं मिळालं नाही, असं त्या कथेत आहे. म्हणजे मांडे भाजायला कुंभाराचं भांडं लागायचंच! खानदेशात पुरणाचे मांडे आजही पालथ्या खापरावर भाजतात. लेबनॉन, सीरियाकडे लोखंडाची घुमटासारखी 'साज' असते, तिच्यावर पातळ रोट्या होतात. घुमटावर टाकलेली पोळी आपल्याच वजनाने दोन्हीकडून ताणलेली राहते, आक्रसत नाही. ही युक्ती कोणी कोणाकडून घेतली कोण जाणे!

आता मुद्द्याची गोष्ट. माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगा आहे. नाव सांगत नाही, त्यानेच नको म्हटलंय. एकदा मी वर्गात 'आमच्या घरातली माणसं काय काम करतात' असा तक्ता करायला दिला. त्याने लिहिलं : बाबा - पेंटर. आई - काही नाही. मी वही हातात धरून बघतच राहिले. कारण आठच दिवसांपूर्वी आमच्या शेजारच्या लग्नात मांडवामागे मी त्याच्या आईला पाहिलं होतं. तीन चुली, तीन मडकी आणि दुपारपासून रात्रीपर्यंत सतत चालणारे हात!

"अरे, आई रोट्या करायला जाते ना?" मी विचारलं.

"ते काम थोडी आहे मॅडम. ते तर रोट्या होत."

यावर वर्गात भाषण देऊन उपयोग नसतो, हे एवढ्या वर्षांत मला कळलंय. मे महिन्यात सुट्टी लागली. आमच्या विदर्भात शाळा जूनच्या शेवटी उघडतात, म्हणजे वेळच वेळ. वर्गातली पाच-सहा मुलं घेऊन मी एका सकाळी साडेसहालाच त्यांच्या अंगणात हजर झाले. उशीर करून चालणार नव्हतं. नागपूरचा मे म्हणजे पारा ४५ अंशांवर, त्यात चूल!

काकूंनी (मी त्यांना काकू म्हणते, त्या मला मॅडम) पीठ वस्त्रगाळ करून ठेवलं होतं. त्यात मीठ आणि पाणी घालून आधी नेहमीसारखी कणीक मळली. मग आणखी पाणी. मग आणखी! आम्हाला वाटलं, झालं, आता याची पोळी नाही, खीर होणार. पण काकूंनी तो सैल गोळा उचलला आणि परातीत आपटला. फट्! पुन्हा उचलला, पुन्हा फट्! अर्धा तास हेच. "पिठाले माराच लागते मॅडम, कुरवाळून नाही चालत," असं म्हणत त्या घाम पुसायलाही थांबेनात. शेवटी ते पीठ रबरासारखं लांबायला लागलं. हात वर नेला तर पिठाची पट्टी खाली लोंबे, पण तुटत नसे.

हे कसं होतं? गव्हात ग्लुटेनिन आणि ग्लायडिन नावाची प्रथिनं असतात. पाणी मिळालं आणि पीठ मळलं की ती एकमेकांत गुंतून जाळं तयार होतं, त्याला ग्लूटेन म्हणतात. ग्लायडिनमुळे पीठ ताणलं जातं, ग्लुटेनिनमुळे ते मागे ओढलं जातं. ज्वारीत हे जाळं होतच नाही, म्हणून भाकरी थापावी लागते, ती ओढून लांब होत नाही. घरी करून पाहा : लिंबाएवढा कणकेचा गोळा वाटीभर पाण्यात हलक्या हाताने धुवत राहा. पाणी पांढरं होतं, ते पिठूळ सत्त्व. हातात उरतो तो चिवट डिंकासारखा लगदा म्हणजे ग्लूटेन.

पुढचं मात्र शास्त्राने जमत नाही. काकूंनी हात ओले केले, एक गोळा उचलला, या तळहातावरून त्या तळहातावर झेलला. तो मनगटापर्यंत आला, मग कोपरापर्यंत. दोन्ही हातांवर ओढणी वाळत घालावी तसं ते पीठ पसरलं आणि बघता बघता मडक्यावर जाऊन बसलं. कुठे सुरकुती नाही, भोक नाही. मुलांनी पट्टी लावून मोजलं : साडेबावीस इंच. जुन्या मापाने एक हात म्हणजे १८ इंच, म्हणजे ही पोळी झाली बरोबर सव्वा हात! हे गणित त्या मुलानेच सगळ्यांत आधी केलं, हे इथे सांगून ठेवते.

मी काकूंना सांगितलं, की आर्मेनिया देशात 'लवाश' नावाची अशीच पातळ रोटी बायका मिळून करतात आणि त्या कलेला २०१४ साली युनेस्कोने अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. काकूंनी नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "तिकडं किलोले किती देतात?"

काय सांगणार! काकूंची मजुरी पिठाच्या किलोवर ठरते. लग्नसराईत हाताला काम, पावसाळ्यात चूल थंड. त्यांनी हात पुढे केला. मनगटापासून कोपरापर्यंत चटक्यांचे बारीक डाग होते, काही जुने, काही कालचे. "सातवीत होती मी, तवा शाळा सुटली. मग मायसंग जाऊ लागली. मॅडम, याले हे नका शिकवू. याले तुमचं शिकवा."

मला वाटत होतं, पोराने आईची कला डोळे भरून पाहावी. आईला वाटत होतं, त्याने इकडे पाहूच नये. आणि दोघींपैकी चूक कोण होतं? मी आजही ठरवू शकलेले नाही. मी गप्प बसले.

तेवढ्यात तो पठ्ठ्या हात ओले करून परातीशी बसलाही होता! त्याने गोळा उचलला, झेलला, लांबवला. मनगटाच्या पुढे जाताच पिठाला तीन मोठी भोकं पडली. सगळी मुलं हसली. काकू काही हसल्या नाहीत. मडक्याकडेच बघत हळूच म्हणाल्या, "पाणी जास्त लाव हाताले."

मग न्याहारी. रस गावरान आंब्यांचा होता. हे आंबे छोटे, रेषाळ, पण वास असा की गल्लीला कळावं. रसाखेरीज मी घरून दोन गोष्टी नेल्या होत्या, बैंगनफल्ली आंबे आणि एक डबा चक्का. चक्का म्हणजे पाणी काढलेलं दही, श्रीखंड ज्याचं करतात ते. दुधातल्या साखरेचं जिवाणू आम्ल करतात, आम्लामुळे दुधातलं प्रथिन गोठतं आणि दही लागतं. ते स्वच्छ फडक्यात बांधून टांगलं की निवळी गळून जाते, लोण्यासारखा मऊ गोळा उरतो. गरम मडक्यावरून उतरलेल्या पोळीवर थंडगार चक्का, त्यावर आंब्याच्या फोडी, चिमटीभर मीठ आणि वेलदोड्याची पूड. साखर नाही. घडी घालून खायची. पोळीला धुराचा वास, चक्क्याची आंबट चव आणि मध्येच गोड आंबा! काकूंनी आधी एक तुकडा संशयानेच तोंडात टाकला. मग म्हणाल्या, "चांगलं लागते. पण रसच बरा." चवीच्या बाबतीत त्यांचं मत मला मान्य नाही.

तुमच्याकडे चूल आणि मडकं नसेल तरी काम अडत नाही. दोन वाट्या गव्हाचं बारीक पीठ मिठाच्या पाण्यात नेहमीपेक्षा सैल भिजवा, पंधरा मिनिटं आपटून आपटून मळा, ओल्या फडक्याखाली तासभर ठेवा. आदल्या रात्रीच दही फडक्यात बांधा. आपल्याकडच्या उन्हाळ्यात दही चटकन आंबतं, म्हणून भांड्यावर गाळणी ठेवून फ्रीजमध्येच निथळू द्या. निवळी फेकू नका, कढीत छान लागते. फोडींसाठी बैंगनफल्ली घ्या, कारण तिला रेषा कमी असतात. गावरान आंबा चोखायचा किंवा रस करायचा, त्याच्या फोडी होत नाहीत.

गॅसवर लोखंडी कढई पालथी घाला. तिला लाकडी किंवा प्लास्टिकची मूठ नको. हे काम मोठ्या माणसाला शेजारी उभं करूनच करायचं, कारण पालथी कढई तापलेली दिसत नाही, पण चटका जबरदस्त देते. गोळा आधी थोडा लाटून घ्या, मग दोन्ही हातांच्या पालथ्या बाजूंवर घेऊन हलके हलके ताणा. सव्वा हाताचा हट्ट नको. वीतभर झाली तरी पुष्कळ.

पहिल्या दोन-तीन फाटतीलच. त्या लगेच चक्का लावून खाऊन टाकायच्या, म्हणजे कोणी मोजत नाही.