निरोगी यकृताचा रकाना

आमच्या शोधनिबंधातल्या एका तक्त्यात ‘निरोगी यकृतपेशी’ असा रकाना आहे. त्या पेशी यकृताच्या नाहीत आणि निरोगी तर मुळीच नाहीत. हे मला ठाऊक आहे, माझ्या गाईड मॅडमना ठाऊक आहे, आणि तक्ता मात्र छापला तसाच आहे. याला बरीच वर्षं झाली, पण माझा राग उतरलेला नाही.

मी नाशिकचीच. बीएस्सी इथं, एमएस्सी पुण्याला, मग घरच्या अडचणीमुळे परत आले आणि एका प्रकल्पावर लागले. संस्थेचं नाव सांगत नाही. विषय द्राक्षबियांचा होता. निफाड-दिंडोरीकडे वायनरीत द्राक्षं गाळली की बिया आणि सालींचे ढीग उरतात. बियांत पॉलिफेनॉल भरपूर असतात. त्या वाळवून, दळून, अल्कोहोलमध्ये अर्क काढायचा आणि तो कर्करोगाच्या पेशींना काय करतो हे पाहायचं.

पेशी वाढवणं हे बायाबापड्यांच्या घरकामासारखंच न संपणारं काम आहे. 37 अंश तापमान, पाच टक्के कार्बन डायऑक्साइड, दर दोन-तीन दिवसांनी मीडिया बदलायचा, फ्लास्क भरला की ट्रिप्सिन घालून पेशी सुट्या करायच्या आणि थोड्या पुढच्या फ्लास्कमध्ये टाकायच्या. दिवाळी असो की लाइट गेलेली असो. मला ते काम मनापासून आवडायचं. सूक्ष्मदर्शकाखाली पेशी तळाला चिकटून छान पसरलेल्या दिसल्या की पुढचा सगळा दिवस बरा जायचा.

आमच्याकडे दोन पेशीवंश होते. एक हेप-जी-2, अर्जेंटिनातल्या एका पंधरा वर्षांच्या मुलाच्या यकृताच्या गाठीतून आलेला. दुसरा ‘चँग लिव्हर’, म्हणजे निरोगी यकृत. तो मॅडमच्या ओळखीतल्या एका प्रयोगशाळेतून आला होता. 96 खळग्यांच्या प्लेटमध्ये दोन्ही वाढवायचे, अर्क घालायचा, नंतर एमटीटी. पिवळा रंग टाकला की जिवंत पेशी त्याचे जांभळे स्फटिक करतात. जितका गडद जांभळा, तितक्या पेशी जिवंत. हेप-जी-2 चे खळगे फिके पडायचे, चँग लिव्हरचे जांभळे राहायचे. निष्कर्ष सरळ दिसत होता: अर्क कर्करोगाला मारतो, निरोगी यकृताला धक्का लावत नाही. निबंध छापला गेला. माझं नाव दुसरं होतं. घरी पेढे आणले.

मग एका स्थानिक दैनिकात बातमी आली की द्राक्षबियांत कर्करोगावर उतारा सापडला. बातमीत ‘निरोगी पेशींवर दुष्परिणाम नाही’ हे वाक्य होतं. त्या आठवड्यात निफाडकडचे एक शेतकरी पत्ता शोधत थेट प्रयोगशाळेत आले. हातात नायलॉनची पिशवी, पिशवीत स्वतः धुऊन वाळवलेल्या बिया. बायकोला यकृताचा कर्करोग. डॉक्टरांनी फारशी आशा दिली नव्हती. त्यांनी विचारलं, ‘ताई, रोज किती चमचे द्यायचे? आणि बाकीच्या अंगाला काही होत नाही ना?’

मी त्यांना बसवून सांगितलं की काका, हे प्लेटमधल्या पेशींवर केलेलं आहे, माणसावर नाही, डॉक्टरांचं औषध अजिबात सोडू नका. त्यांनी ऐकून घेतलं. जाताना पुन्हा म्हणाले, ‘पण निरोगी भागाला काही होत नाही, असं छापलंय ना?’ मी म्हटलं, ‘छापलंय.’

तो प्रश्न डोक्यातून जाईना. ज्या निरोगी यकृताचा हवाला आपण देतोय ते नेमकं कोणाचं, एवढं तरी माहीत असावं म्हणून शोधायला बसले. शोधायला फार वेळ लागला नाही, हीच खरी शरमेची गोष्ट. 1951 मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात हेन्रिएटा लॅक्स नावाच्या काळ्या स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या गाठीचा तुकडा तिला न विचारता घेतला गेला. ती त्याच वर्षी 4 ऑक्टोबरला गेली, अवघ्या एकतिसाव्या वर्षी. तिच्या पेशी ‘हीला’ या नावानं जगभर गेल्या. त्या इतक्या वेगानं वाढतात की पिपेटमधला एक थेंब चुकून दुसऱ्या फ्लास्कमध्ये पडला, तर शेतात गाजरगवत शिरावं तशा मूळ पेशींना संपवून टाकतात. 1966 मध्ये स्टॅन्ली गार्टलर यांनी दाखवून दिलं की वेगवेगळ्या अवयवांच्या म्हणून वापरात असलेले कितीतरी पेशीवंश प्रत्यक्षात हीलाच आहेत. चँग लिव्हर त्यातलाच. मोठ्या पेशी-भांडारांच्या सूचीत त्या नावापुढे तशी नोंद असते. चुकीच्या ओळखीच्या पेशीवंशांची जागतिक यादी कोणालाही फुकट बघता येते.

म्हणजे आम्ही एका कर्करोगाची दुसऱ्या कर्करोगाशी तुलना करत होतो, आणि दुसऱ्याला निरोगी म्हणत होतो.

तरी आपला फ्लास्क वेगळा असेल असं मनात होतंच. हीला पेशींत एचपीव्ही 18 या विषाणूचा डीएनए मुरलेला असतो. निरोगी यकृतात त्याचं काही काम नाही. प्रायमर मागवले, शेजारच्या विभागातून हीलाचा डीएनए मागून आणला आणि पीसीआर लावली. जेल यूव्हीखाली धरली. हीलाच्या रांगेत पट्टा. हेप-जी-2 ची रांग रिकामी. आमच्या निरोगी यकृताच्या रांगेत पट्टा, हीलाच्या अगदी बरोबरीनं, तितकाच ठळक. खात्रीसाठी डीएनए ठसा जुळवणारी एसटीआर चाचणी बाहेरून करून घेतली. तीही हीलाशीच जुळली.

मॅडमसमोर दोन्ही कागद ठेवले. त्यांनी शांतपणे वाचले. म्हणाल्या, ‘अगं, सगळं जग वापरतंय. रिव्ह्यूअरनी तरी कुठे विचारलं?’

मी म्हटलं, ‘मॅडम, दुरुस्ती छापायला पाठवू या.’

‘आणि प्रकल्पाच्या अंतिम अहवालाचं काय? पुढचा निधी? तुझा पगार त्यातूनच येतो ना?’

‘पण मॅडम, लोक बिया घेऊन येताहेत.’

यावर त्या बराच वेळ बोलल्या नाहीत. मग त्यांनी कागद फाइलमध्ये लावले आणि म्हणाल्या, ‘पुढच्या वेळी दुसरा कंट्रोल घेऊ.’ मी पुन्हा दोनदा विषय काढला. दुसऱ्या वेळी त्यांनी चहा मागवला आणि माझ्या लग्नाचं विचारलं. शेवटी मी स्वतःच संपादकांना लिहिलं. उत्तर आलं की दुरुस्तीची विनंती मुख्य लेखकाकडूनच यायला हवी. मुख्य लेखक मॅडम. तिथं रस्ता संपला. आणि सगळ्यात वाईट म्हणजे त्यानंतर आलेल्या एमएस्सीच्या मुलीला तोच फ्लास्क दिला गेला, त्याच नावाच्या चिठ्ठीसह.

मॅडम वाईट नव्हत्या. माझी फेलोशिप अडकली तेव्हा त्यांनी स्वतःच्या पैशांतून मला सांभाळून घेतलं होतं. छोट्या संस्थेत सीरमची एक बाटली येईपर्यंत महिने जातात, कार्बन डायऑक्साइडच्या सिलिंडरसाठी सुद्धा तीन-तीन सह्या लागतात, आणि वर्षाअखेर मोजले जातात ते फक्त निबंध. त्यांच्या खुर्चीत मी असते तर काय केलं असतं, हे मी कधीकधी स्वतःला विचारते आणि त्यांच्यावरचा राग थोडा निवतो. मग ती नायलॉनची पिशवी आठवते आणि तो होता तिथं येतो. कमल रणदिवे यांनी 1960 च्या दशकात मुंबईत देशातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली तेव्हा पीसीआरचा शोधही लागला नव्हता. त्या पिढीला पेशींची ओळख पटवायला आजची साधनं मिळाली नाहीत. आपल्याला मिळाली आहेत आणि आपण ती वापरत नाही. निधीची अडचण खरी आहे, पण प्रायमरच्या एका जोडीला निधी लागत नाही.

एमएस्सीच्या प्रकल्पाला बसणाऱ्या मुलामुलींना माझं सांगणं आहे. चँग लिव्हर, इंट 407, डब्ल्यूआरएल 68, हेप-2 यांतलं कोणतंही नाव फ्लास्कवर दिसलं तर काम सुरू करू नका. ही सगळी हीलाच आहेत. कोणताही पेशीवंश हातात घेण्याआधी यादी बघा आणि पेशी कुठून आल्या, एसटीआर कधी झाली, हे गाईडना विचारा, आणि लेखी विचारा. एचपीव्ही 18 ची पीसीआर एका दुपारचं काम आहे. ती दुपार मिळत नसेल तर तो प्रकल्प घेऊ नका.