उसण
दसऱ्यानंतरची सोयाबीनची घाई. मळणी उरकलेली, कट्टे शिवून अंगणात थप्पी लागलेली, लातूरच्या मोंढ्यावर न्यायला ट्रॅक्टर दारात उभा. गडी आला नव्हता, म्हणून मी आणि धाकट्या भावाने भराई सुरू केली. कट्टा असेल साठेक किलोचा. वाकून उचलला, उचलल्या उचलल्या ट्रॉलीकडे वळलो आणि कमरेत उजवीकडे सुरी फिरवल्यासारखी कळ उठली. कट्टा पडला. मी फाळका धरून उभा. धड ताठ होता येईना, धड बसता येईना.

"उसण भरली," आई ओसरीवरूनच म्हणाली. "पालथा पड, हलू नको."

मग उपचारांची रांग. एरंडेल लावून तव्यावर गरम केलेली रुईची पानं, फडक्यात गुंडाळलेल्या विटेचा शेक. शेजारच्या वहिनी पायाळू, म्हणजे जन्मताना पाय आधी आलेल्या. त्यांनी यायचं आणि दुखऱ्या जागेवरून पाय फिरवायचा. पायाळू माणसाला जमिनीतलं पाणी दिसतं, असंही आमच्याकडे मानतात. वहिनींची स्वतःची बोअर कोरडी गेली, तो विषय मात्र कुणी काढत नाही. संकोचत, पदर सावरत त्यांनी टाच हलकेच टेकवली. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

रात्री शिंक आली तेव्हा डोळ्यांपुढे काजवे चमकले. पण खरी परीक्षा सकाळी, संडासात. उकिडवं बसणं कसंबसं जमलं. उठताना दाराची चौकट धरून अंग वर ओढावं लागलं, तेही भावाला हाक मारायची की नाही या विचारात.

डॉक्टरांनी मला उताणं निजवून पाय सरळ वर उचलून पाहिला, अंगठा दाबला, कळ मांडीतून खाली पोटरीपर्यंत जाते का ते विचारलं. जात नव्हती. "स्नायू ताणलाय. मणका जागेवर आहे." भावाला एमआरआय हवा होता. डॉक्टर म्हणाले, "काही दुखत नसलेल्यांच्याही एमआरआयमध्ये गादी सरकलेली दिसते. तो कागद बघून हा आणखी घाबरेल." गोळ्या दिल्या, त्याही जेवणानंतरच घ्यायच्या. शेकाला हरकत नव्हती. मात्र लघवी अडली, जांघेत बधिरपणा आला किंवा पायातलं बळ गेलं, तर मध्यरात्र असली तरी लातूर गाठायचं, हे त्यांनी दोनदा बजावलं.

आणि झोपून राहायचं नाही! आईला हे अजिबात पटलं नाही. मी नंतर वाचलं की फिनलंडमध्ये नेमकं हेच तपासून पाहिलं होतं. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात काहींना दोन दिवस निजवलं, काहींना पाठीचे व्यायाम दिले, काहींना सोसेल तशी रोजची कामं करू दिली. लवकर सावरले ते कामं करणारे.

तर मी चालायला लागलो. आधी अंगणापुरतं, मग विहिरीपर्यंत. अंथरुणातून उठताना कुशीवर वळायचं, पाय खाटेखाली सोडायचे आणि हाताने रेटा देत बसतं व्हायचं, एवढं अंगवळणी पडलं. दिवाळीपर्यंत कंबर मोकळी झाली. आईच्या लेखी गुण वहिनींच्या टाचेचा.

मोंढ्यावर एका हमालाला विचारलं, "तुमची कंबर धरली तर?" तो म्हणाला, "धरली तरी यावंच लागतं. बसल्यावर मजुरी कोण देतंय?" वरवर पाहता डॉक्टरांचाच सल्ला, फक्त माझ्या वाट्याला विहिरीपर्यंतची चक्कर, त्याच्या पाठीवर साठ किलो. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सुचवली ती १९६७ साली.

यंदा मी कट्टे चाळीस किलोचेच शिवले. बारदाना जास्त लागला म्हणून भाऊ कुरकुरला. आमच्याकडे हमाली कट्ट्यावर मोजतात, तीही वाढली. तिच्याबद्दल माझी तक्रार नाही.