सिंगल बेल

दादा अहमदपूर आगारात एसटीचे कंडक्टर होते. सुट्टीत मी त्यांच्या गाडीत बसून शिरूर ताजबंद, चाकूर करत लातूरला जायचो. दोरी दोनदा ओढली की गाडी निघायची, एकदा ओढली की थांबायची. ड्रायव्हरकाका दादांपेक्षा बरेच मोठे, दादा दसऱ्याला सोनं देऊन त्यांच्या पाया पडत. पण सिंगल वाजली की काका आधी ब्रेक दाबत, कारण मग विचारत.

मी आज फर्स्ट ऑफिसर आहे, कॅप्टनच्या उजव्या हाताला बसतो. ती पावसाळ्यातली संध्याकाळ होती. विमान कॅप्टन चालवत होते, काट्यांवर लक्ष ठेवून बोलणं हे माझं काम. माणूस मराठी, अनुभवी, मायाळू. वर असताना त्यांनी आपुलकीनं माझ्या गावाची चौकशी केली होती.

ढगांतून बाहेर आलो. हजार फुटांवर वेग वीस नॉट जास्त होता, विमान खालीही फार वेगानं येत होतं. मी म्हणालो, "सर, स्पीड जरा जास्त वाटतोय."

"येईल कमी," ते म्हणाले.

तो 'जरा' मला अजून टोचतो. आकडा समोर दिसत होता, मग 'वाटतोय' कशाला? पण मोठ्यांची चूक दाखवायची आमच्या घरची रीतच ती. आत्याच्या भाजीत मीठ जास्त पडलं तरी आम्ही म्हणणार, "आज मीठ जरा पुढं आहे का?" वीस वर्षं अशी जीभ वळलेली, ती कॉकपिटात एका दिवसात सरळ होत नाही.

२२ मे २०१० ला दुबईहून आलेलं विमान मंगळूरच्या टेकडीवरच्या धावपट्टीपलीकडं दरीत कोसळलं. १६६ पैकी १५८ माणसं गेली. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली चौकशी झाली. प्रवासात बराच वेळ झोपलेल्या कॅप्टननी उंचावरून, वेगात विमान खाली आणलं होतं. फर्स्ट ऑफिसरनी तीनदा गो-अराउंड करायला, म्हणजे न उतरता पुन्हा वर जायला, सांगितलं, यंत्रानंही इशारे दिले. कॅप्टन उतरतच राहिले. सहवैमानिकानं स्वतः गो-अराउंड करावा का, याबद्दलच्या सूचना संदिग्ध होत्या, म्हणून बहुधा त्यांनी नियंत्रण हाती घेतलं नाही, असंही अहवालात नोंदवलं आहे. तीनदा बोललेल्या त्या माणसाबद्दल मला फार आदर वाटतो. मी तर एकदाच बोललो होतो, तेही 'जरा' लावून.

आमच्या नियमानं, जमीन दिसत असेल तर पाचशे फुटांपर्यंत सगळं जागेवर आलंच पाहिजे. पाचशे फूट आले. वेग अजून जास्तच.

"अनस्टेबल. गो-अराउंड."

'सर' म्हणालो नाही. कॅप्टनच्या हातानं थ्रॉटल पुढं गेले, विमानाचं नाक वर उचललं. "पॉझिटिव्ह रेट," मी म्हणालो. "गिअर अप," ते म्हणाले. पुन्हा चक्कर मारून आम्ही नीट उतरलो.

इंजिनं बंद झाल्यावर ते म्हणाले, "हजार फुटांवर हे असंच बोलायचंस." त्यांच्या आवाजात राग नव्हता.

दिवाळीत घरी गेलो तेव्हा दादांना सगळं सांगितलं. त्यांनी एकच विचारलं, "सिंगल मारल्यावर थांबले न्हवं?"

"थांबले, दादा."