खुशालीचं पत्र

2024 च्या पॅरिस ऑलिम्पिकच्या वेळी गूगलने आपल्या 'जेमिनी'ची एक जाहिरात अमेरिकेत टीव्हीवर दाखवली. एका लहान मुलीला अडथळ्यांच्या शर्यतीतली धावपटू सिडनी मॅकलॉफ्लिन-लेव्रोन फार आवडते. तिला पत्र पाठवायचंय. बाप ते काम जेमिनीवर सोपवतो. लोकांनी इतकी टीका केली की गूगलने ती जाहिरात ऑलिम्पिकच्या प्रक्षेपणातून काढून घेतली.

लोकांचं म्हणणं साधं होतं. लहान मुलीचं पत्र वेडंवाकडं असतं, म्हणूनच ते जपून ठेवावंसं वाटतं. हे एवढ्या मोठ्या कंपनीत कुणाच्याच लक्षात आलं नसेल?

आमच्या घरात ही गोष्ट नानीला फार पूर्वी कळली होती. सत्तरच्या दशकात रत्नागिरी जिल्ह्यातल्या कितीतरी मुसलमान घरांतले पुरुष नोकरीसाठी आखातात गेले. आमचे मामू कुवेतला. नानीला लिहिता येत नव्हतं. शेजारचा एक शाळकरी मुलगा पत्र लिहून द्यायचा. अम्मी सांगते, नानी अर्धा तास बोलायची. गाय व्यायली, फणस चांगला धरलाय, तुझी बायको हल्ली गप्प गप्प असते. कागदावर मात्र उतरायचं, 'इकडे सर्व खुशाल आहे. तुमची खुशाली कळवावी.' वाचून दाखवलं की नानी विचारायची, "अरे बाळा, मी बोलले ते यात कुठाय?"

पुढे मामूंनी टेपरेकॉर्डर आणला आणि नानी कॅसेट भरू लागली. गावातलं कुणी कुवेतला निघालं की त्याच्या बॅगेत तिची कॅसेट जायची. तिच्यात नानीचा खोकला असायचा, कोंबड्या असायच्या, मध्येच मशिदीतली अजान. शेजारच्या पोराच्या हातून सुटून नानी स्वतःच्या आवाजात बोलू लागली होती.

व्हॉट्सअ‍ॅपवर आवाजी निरोपाची सोय 2013 मध्ये आली. अम्मीला टाइप करणं जमत नाही, पण फोन तोंडाजवळ धरून ती दोहातल्या माझ्या भावाशी चार-चार मिनिटं बोलते. आणि आता जाहिराती तिला सांगतात, तुमच्या मनातलं आम्ही नीटनेटकं लिहून देतो. म्हणजे तो शाळकरी मुलगा पुन्हा दाराशी आला.

वापरणाऱ्याकडे नीट पाहिलं तर काय होतं, हे 2003 च्या नोकिया 1100 ने दाखवलं. धूळ आत न जाणारी बटणं आणि टॉर्च. असे 25 कोटींच्या आसपास फोन विकले गेले. लाइट गेल्यावर त्याचा उपयोग कुणाला समजावून सांगावा लागला नाही.

लिहून देणाऱ्या यंत्राशी माझं वैर नाही. वीजबिलाची तक्रार, रेशनकार्डाचा अर्ज, बँकेचं पत्र, ही कामं त्याने करावीत. अम्मी त्याला मनापासून दुवा देईल. मुलाशी काय बोलायचं, ते तिचं तिला ठाऊक आहे.