परमुलखातले बालपण

रावपुऱ्याच्या टॉवरखालून जाताना माझ्या सासूबाई क्षणभर थांबून वर पाहत. घरात आम्ही सारे त्यांना माई म्हणत असू. पहिल्या चिमणाबाई राणीसाहेबांच्या स्मरणार्थ हा टॉवर १८९६ साली उभारला गेला. राणीसाहेब १८८५ मध्ये निवर्तल्या तेव्हा युवराज फत्तेसिंहराव अवघे दोन वर्षांचे होते. “एवढ्याशा लेकराला सोडून जावे लागले बिचारीला,” असे माई म्हणत; जणू घटना कालपरवाचीच.

१९९२ साली ह्यांना मस्कतला नोकरी मिळाली. मुलगा चार वर्षांचा होता आणि मुलगी आठ महिन्यांची. वडीलधाऱ्यांनी उत्साहाने सयाजीराव महाराजांचा दाखला दिला. महाराजांनी १८८७ मध्ये पहिला युरोप-प्रवास केला, पुढे मुलांना ऑक्सफर्ड, हार्वर्डपर्यंत शिकविले. मग आपण का भ्यावे? माई गप्प होत्या. महाराजांच्या हयातीतच त्यांचे तीन पुत्र, १९०८, १९१९ आणि १९२३ मध्ये, ऐन उमेदीत गेले हेही त्यांना ठाऊक होते. पण निघत्या पावलांसमोर त्यांनी ते उच्चारले नाही. त्यांनी एवढेच विचारले, “तिथे मुलांशी बोलायला कोण असेल गं?”

मला त्या प्रश्नाचे हसू आले होते. आम्ही होतोच की बोलायला!

मस्कतमध्ये रुवी भागात आम्ही बिऱ्हाड मांडले. उन्हाळ्यात खिडक्या दिवसेंदिवस उघडत नसत. शुक्रवारी सुटी असे. संध्याकाळी मत्राहच्या बंदरावर मुलांना जहाजे दाखवावयास नेत असू. एका ऑगस्टमध्ये सुमारे हजार किलोमीटरचा प्रवास मोटारीने करून सलालाला गेलो. वाटेत दोन्ही बाजूंना वाळवंट, मागच्या आसनावर पेंगणारी मुले आणि डब्यात ठेपले व लसणाची चटणी. सलालाचे डोंगर त्या दिवसांत खरीफच्या झिमझिम पावसाने हिरवेगार असतात. गाडीतून उतरताच मुलगा ओरडला, “बडोदे आले!” पाऊस म्हणजे बडोदे, एवढी खूण त्याच्यापाशी अजून शिल्लक होती.

दरम्यान मुलगा बालवाडीत जाऊ लागला होता. तेथील बाईंनी सुचविले, “घरीही इंग्रजीच बोला, म्हणजे त्याचा गोंधळ उडणार नाही.” त्यांचा हेतू चांगलाच असावा. दोन भाषांमुळे मुलांचा गोंधळ होत नाही, हे आज भाषातज्ज्ञ स्पष्टपणे सांगतात. तेव्हा मला ते कोणी सांगितले नव्हते. खरे म्हणजे कोणी सांगावे लागण्याचे कारणच नव्हते. मी स्वतः रावपुऱ्याच्या गल्लीत गुजरातीत भांडून घरात मराठीत रडलेली मुलगी. तरीही मी त्या बाईंचे ऐकले. दीड वर्षात आमच्या घरातून मराठी हळूहळू निघून गेली आणि जाताना तिचा पायरवही मला ऐकू आला नाही.

१९९४ च्या मे महिन्यात आम्ही रावपुऱ्यास आलो. पहिल्याच रात्री गच्चीवर अंथरुणे पडली. माईंनी नातवाला कुशीत घेतले आणि चिमणी-कावळ्याची गोष्ट सुरू केली. दोन-चार वाक्ये झाली असतील, तोच तो माझ्याकडे वळला आणि इंग्रजीत विचारू लागला, “आजी काय म्हणते आहे?”

माई थांबल्या. मग त्याच्या पाठीवर थोपटत त्यांनी गोष्ट शेवटपर्यंत सांगितली, एकही शब्द न गाळता. मला त्या काहीच बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

मस्कतला परतल्यावर शेजारच्या कच्छी भाटिया बेनना मी हे सांगितले. कच्छी भाटियांची घराणी तेथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत आली आहेत. खिमजी रामदास यांची पेढी तर १८७० पासूनची. बेनचे यजमान पेढीवर अरबी बोलत, मुले शाळेत इंग्रजी बोलत आणि उंबऱ्याच्या आत सारे कच्छी बोलत. त्यांना माझ्या दुःखाचे नवल वाटले. “तुम्ही तर बडोद्याच्या मराठी! तुम्हाला हे कोणी शिकवायला हवे का?” असे त्या गुजरातीत म्हणाल्या. मी खजील झाले. १७३४ मध्ये बडोदे गायकवाडांकडे कायमचे आले, तेव्हापासून आमच्यासारखी घराणी परमुलखातच मुले वाढवीत आली. गुजरातीला घरात घेण्यासाठी आम्ही मराठीला कधी बाहेर काढले नाही. आमच्या पानात शेव-उसळ आली ती काय उसळ टाकून?

त्या काळी परदेशातून फोन महाग. म्हणून मी माईंना कॅसेट पाठविण्याची विनंती केली. त्यांनी गोष्टी सांगाव्यात आणि मुलांनी उत्तरे भरून धाडावीत. माईंच्या आवाजामागे रावपुऱ्याची वर्दळ, भाजीवाल्याची गुजराती हाक आणि भांड्यांचा आवाज येई. मुलगा ती कॅसेट पुन्हा पुन्हा लावी. उत्तर द्यायचे तर शब्द हवेत, म्हणून तो माझ्याकडे शब्द मागू लागला. शिकवणीने जे झाले नसते ते या गरजेने केले.

१९९६ च्या जानेवारीत माई गेल्या. मुलाने भरलेली शेवटची कॅसेट त्यांच्या पश्चात रावपुऱ्यास पोहोचली. तीत त्याने चिमणी-कावळ्याची गोष्ट स्वतः सांगितली होती, अडखळत, पण पूर्ण. ती ऐकणारी व्यक्ती मात्र उरली नव्हती. माझ्या हातून वाया गेलेले ते दीड वर्ष मला आजही परत मिळवून देता येत नाही.

आता तोच मुलगा टोरांटोत असतो. त्याची लेक चार वर्षांची आहे. ती जन्मली तेव्हा मी त्याला माईंचाच प्रश्न विचारला होता. तो काही बोलला नाही; पण तेव्हापासून रोज तिच्या झोपेच्या वेळी, म्हणजे आमच्या सकाळी, फोनच्या पडद्यावर तिला माझ्यासमोर बसवितो. गोष्ट मी सांगते. परवा मध्येच मला थांबवून ती म्हणाली, “बाबा, बारी बंद कर, थंडी येते.”

पुण्याची माणसे या ‘बारी’ला हसतील. गुजरातीतली ही बारी आमच्या घरी खिडकीला केव्हा चिकटली, ते कोणालाच सांगता येणार नाही. मी गोष्ट पुढे सुरू केली.