वर्धापनवर्षाचे बोधचिन्ह

शहराच्या वर्धापनवर्षाचे बोधचिन्ह निवडताना पहिला प्रश्न असतो सनाचा. चित्राचा प्रश्न नंतर येतो. सिंगापूर या नगरराष्ट्राने चार वर्षांच्या अंतराने दोन वर्धापनवर्षे पाळली: २०१५ मध्ये स्वातंत्र्याची ५० वर्षे आणि २०१९ मध्ये ब्रिटिश वसाहतीचा पाया घालणारे स्टॅमफर्ड रॅफल्स बेटावर उतरल्याची २०० वर्षे. ९ ऑगस्ट १९६५ ही तारीख सर्वांच्याच आठवणीतली. १८१९ म्हटले की मात्र वसाहतीचा सोहळा कशासाठी, हा प्रश्न येणारच. आयोजकांनी मग कथा ७०० वर्षे मागे नेली. नदीकाठच्या रॅफल्सच्या पुतळ्याशेजारी बेटाच्या कथेतल्या इतर व्यक्तींचे, म्हणजे सांग नीला उत्तमा, तान टॉक सेंग, मुन्शी अब्दुल्ला आणि नारायण पिल्लई यांचे पुतळेही काही काळ उभे केले. इतके करून जी गोष्ट सांगावी लागली, ती बोटभर चिन्हाने सांगावी अशी अपेक्षा धरणे फुकट आहे.

५० वर्षांचे चिन्ह जॅक्सन टॅन यांनी केले: भरीव लाल वर्तुळ आणि त्यात पांढऱ्या रंगात एस, जी ही रोमन अक्षरे व ५० हा आकडा. एवढेच. ‘लाल ठिपका’ हा शब्द १९९८ मध्ये इंडोनेशियाचे तत्कालीन अध्यक्ष बी. जे. हबीबी यांच्या नावाने गाजला. नकाशावर सिंगापूर एवढेसेच दिसते, असा त्याचा हिणवणारा अर्थ घेतला गेला आणि सिंगापूरकरांनी तो बिरुदासारखा मिरवला. म्हणून ते वर्तुळ समजावून सांगावे लागले नाही. मलाय, चिनी, तमिळ आणि इंग्रजी अशा चार राजभाषांच्या शहरात अनुवादाची गरज नसलेली अक्षरे निवडणे, हाही शहाणपणाच होता.

निवड समित्यांचा ओढा बहुधा उलट असतो. किल्ला हवा, नदी हवी, पूल हवा, उद्योग हवा, शिवाय सर्व समाजांचे रंग हवेत. प्रत्येक सदस्याची एकेक मागणी मान्य होत गेली की चिन्हाची मिसळ होते. दालनातल्या मोठ्या पडद्यावर ती खपून जाते. टोपीवरच्या भरतकामात, रबरी शिक्क्यात किंवा पावतीच्या कोपऱ्यात तिचा चिखल होतो. त्यामुळे नमुने आधी एकाच रंगात, नखाएवढ्या आकारात आणि साध्या प्रिंटरवर काढून पाहावेत. बहुतेक नमुने तिथेच बाद होतात. कॅनडाच्या १९६७ च्या शताब्दीसाठी स्टुअर्ट ॲश यांनी केलेले मेपलचे पान ११ समभुज त्रिकोणांचे होते: दहा प्रांतांचे दहा आणि उत्तरेकडील प्रदेशांचा एक. पट्टी व पेन्सिल घेऊन शाळकरी मूलही ते काढू शकते, आणि यापेक्षा कठोर कसोटी दुसरी नाही.

चिन्ह कोणाकडून करून घ्यायचे, हाही वादाचा मुद्दा. खुली स्पर्धा लोकसहभागाची वाटते, स्वस्तही पडते. कॅनडाने १५० व्या वर्षासाठी विद्यार्थ्यांची स्पर्धा घेऊन ५,००० डॉलरचे बक्षीस ठेवले, तेव्हा व्यावसायिक रचनाकारांनी आक्षेप घेतला: एकाला मोबदला आणि शेकडोंचे काम फुकट. आक्षेप रास्त आहे. मोजक्या रचनाकारांना मानधन देऊन प्राथमिक आराखडे मागवणे आणि त्यांतून एकाकडे काम सोपवणे, हा त्यातल्या त्यात प्रामाणिक मार्ग.

वापराचे नियम चिन्हाबरोबरच ठरवावे लागतात. सिंगापूरच्या राजचिन्हाच्या वापरावर कडक बंधने आहेत. ५० वर्षांचे वर्तुळ मात्र नागरिकांना व व्यापाऱ्यांना वापरता येत होते. ते साऱ्या बाजारभर उमटले, काही ठिकाणी हास्यास्पद वस्तूंवरही. तेवढी किंमत मोजावीच लागते. शिवाय असे चिन्ह वर्षभराचे असते, शहराच्या कायमच्या मुद्रेची जागा ते घेत नाही. वापर कोणत्या तारखेला थांबणार आणि उरलेल्या पाट्या कोण उतरवणार, हे कामाच्या करारातच लिहिलेले असावे.