‘टु’ या शब्दाचे कोडे

हैदराबाद हे शहर भाषांच्या बाबतीत मोठे उदार आहे. एका बाजारपेठेतून फिरताना तेथे तेलुगू, उर्दू, मराठी व इंग्रजी अशा चार भाषा कानी पडतात. 1956 पर्यंत आपला मराठवाडा हैदराबाद राज्यातच मोडत होता. त्यामुळे मराठी माणूस त्या शहरात परका नव्हे. 1907 साली निघालेली विवेक वर्धिनी ही शाळा तेथील मराठी मंडळींच्या शिक्षणप्रेमाची साक्ष होय. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठात आरंभी सर्व उच्च शिक्षण उर्दूतून दिले जाई, आणि इंग्रजी हा एक सक्तीचा विषय असे. 1948 नंतर माध्यमाची जागा इंग्रजीने घेतली. पुढे 1958 साली इंग्रजीच्या अध्यापनाचा दर्जा सुधारावा व शिक्षकांना प्रशिक्षण मिळावे म्हणून याच शहरात एक मध्यवर्ती संस्था उभी राहिली. 1972 मध्ये तिच्यात इतर परकीय भाषांची भर पडली, आणि 2007 पासून ती केंद्रीय विद्यापीठ म्हणून नांदत आहे. शिक्षकांनादेखील मुद्दाम शिकवावी लागावी, इतकी ही भाषा वळणावळणाची आहे, एवढे यावरून वाचकांनी ध्यानी घ्यावे.

आमच्या खेड्यांतील मुलेमुली आज नोकरीसाठी त्या शहरात जातात. त्यांना भेटण्याचा योग आम्हांस अधूनमधून येतो. अशाच एका भेटीत परिचारिकेचे शिक्षण पुरे केलेली एक मुलगी आम्हांपुढे खाली मान घालून बसली. एका रुग्णालयात ती मुलाखतीस गेली होती. तेथील एका अधिकाऱ्याने तिच्या अर्जातील दोन वाक्ये चारचौघांत मोठ्याने वाचली, आणि सारे हसले. ती म्हणाली, “फादर, माझं इंग्रजी कच्चं आहे. मी आता गावी परत जाते. पुन्हा कुठं अर्ज करायचा नाही.” तीन वर्षांचे शिक्षण, बापाने काढलेले कर्ज आणि आजाऱ्याची शुश्रूषा करणारे दोन कुशल हात, हे सारे दोन वाक्यांपायी वाया जाण्याची वेळ आली होती.

आम्ही तो अर्ज पाहिला. पहिले वाक्य होते, “आय ॲम लुकिंग फॉरवर्ड टु टेक अप द वर्क.” येथे ‘टेक’ नव्हे, ‘टेकिंग’ हवे होते: “लुकिंग फॉरवर्ड टु टेकिंग अप द वर्क.” आम्ही तिला विचारले, “हे मराठीत कसे म्हणशील?” ती उत्तरली, “काम हाती घेण्याची वाट पाहते.” “मग ‘काम हाती घेची वाट पाहते’ असे का म्हणत नाहीस?” या प्रश्नावर तिला प्रथमच हसू आले.

वाचकहो, सारे मर्म त्या ‘घेण्याची’त आहे. आपल्या भाषेत क्रियापदाला प्रत्यय किंवा शब्दयोगी अव्यय लावावयाचे झाले, तर त्याला आधी नामाचे रूप द्यावे लागते. ‘सोडणे’चे ‘सोडण्या’ होते, मग ‘सोडण्यापूर्वी’, ‘सोडण्याऐवजी’, ‘सोडण्याबद्दल’. शाळेचे तोंड न पाहिलेली आजीही यात चुकत नाही. इंग्रजीचा नियम याच जातीचा आहे. तेथे शब्दयोगी अव्यय आधी येते व क्रियापद मागून. आणि त्या क्रियापदाला नाम करण्यासाठी शेवटी ‘इंग’ लागतो. ‘बिफोर गिव्हिंग’, ‘विदाउट गिव्हिंग’, ‘इन्स्टेड ऑफ गिव्हिंग’. आपले ‘ण्या’ आणि त्यांचे ‘इंग’ एकच काम करतात.

आता ‘गिव्ह अप’, ‘पुट ऑफ’, ‘लुक आफ्टर’ अशी जोडीची क्रियापदे घेऊ. इंग्रजीत यांना फ्रेझल व्हर्ब म्हणतात. ‘गिव्ह’ म्हणजे देणे. परंतु ‘गिव्ह अप’ म्हणजे सोडून देणे. आपल्याकडेही ‘टाकून देणे’, ‘निघून जाणे’, ‘उठून बसणे’ अशी जोडपी आहेतच. फरक एवढाच की आपण शेवटच्या शब्दाला वळवतो, इंग्रज पहिल्याला. आपण म्हणतो, ‘तंबाखू सोडून देण्यापूर्वी’. ते म्हणतात, ‘बिफोर गिव्हिंग अप टोबॅको’. ‘इंग’ ‘गिव्ह’ला लागतो; ‘अप’ जसाच्या तसा मागून चालतो. मध्ये ‘इट’सारखे सर्वनाम आले, तर ‘गिव्हिंग इट अप’, ‘पुटिंग इट ऑफ’ असे ते दोहोंच्या मधोमध बसते. ‘लुक आफ्टर’चे जोडपे मात्र फुटत नाही, तेथे ‘लुकिंग आफ्टर हर’ असेच म्हणावे लागते.

एका बाबतीत तर आपली मराठी अधिक काटेकोर आहे. ‘आईची काळजी घेतल्याबद्दल आभार’ आणि ‘आईची काळजी घेण्याबद्दल बोलू’ यांत झालेले काम व व्हावयाचे काम आपण वेगळे दाखवतो. इंग्रजीत दोन्हीकडे साधारणतः ‘लुकिंग आफ्टर’ यानेच भागते. जिला ‘घेतल्या’ आणि ‘घेण्या’ यांतील भेद जन्मजात कळतो, तिला एक ‘इंग’ जड का जावा?

जड जातो तो ‘टु’मुळे. हा लहानसा शब्द दोन घरचा पाहुणा आहे. ‘आय वाँट टु मीट यू’ यात तो नुसता क्रियापदाचा सोबती आहे. तेथे ‘इंग’ येत नाही. ‘लुक फॉरवर्ड टु’ यात मात्र तो खरेखुरे शब्दयोगी अव्यय आहे. आपण मनात ‘भेटायला उत्सुक आहे’ असे म्हणतो, आणि ‘भेटायला’ म्हणजे ‘टु मीट’ हे शाळेत पाठ केलेले असल्यामुळे तेच लेखणीतून उतरते. याला ओळखण्याची एक सोपी कसोटी आहे. पुढचे क्रियापद काढून तेथे ‘इट’ ठेवून पाहावा. ‘लुक फॉरवर्ड टु इट’ हे वाक्य उभे राहते. म्हणजे तेथे ‘इंग’ हवा. ‘वाँट टु इट’ उभे राहत नाही. म्हणजे तेथे नको.

अर्जातील दुसरे वाक्य याहून महत्त्वाचे होते. रात्रपाळीची आपल्याला सवय आहे, हे त्या मुलीला सांगावयाचे होते. तिने लिहिले होते, “आय यूज्ड टु स्टे अप ॲट नाइट.” याचा अर्थ झाला, ‘पूर्वी मी रात्री जागत असे’, आता जागत नाही, असा त्याचा ध्वनी. हवे होते, “आय ॲम यूज्ड टु स्टेइंग अप ॲट नाइट.” एका ‘ॲम’ने व एका ‘इंग’ने होकाराचा जवळजवळ नकार झाला होता. म्हणून आम्ही असे म्हणणार नाही की व्याकरण क्षुल्लक आहे. रुग्णाच्या उशाशी बसणारीने नेमके बोलावे व नेमके लिहावे, हे योग्यच. परंतु चूक दाखवणे निराळे आणि माणसाला हसणे निराळे. पहिल्याने विद्या वाढते. दुसऱ्याने लेखणी गळून पडते.

त्या मुलीने त्याच संध्याकाळी, आमच्यासमोर बसून, अर्ज नव्याने लिहिला आणि दुसऱ्या ठिकाणी पाठवला.

परक्या भाषेपुढे सारेच विद्यार्थी असतात. फादर स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. 1579 साली ते गोव्यास आले, आणि 1616 साली त्यांचे मराठी क्रिस्तपुराण प्रसिद्ध झाले. कोंकणी भाषेचे त्यांनी रचलेले व्याकरण त्यांच्या मृत्यूनंतर 1640 साली छापले गेले. त्यांनाही आपल्या भाषेची वळणे एकेक करूनच गिरवावी लागली असणार. आपल्या पूर्वजांनी त्यांना हसून परतवले असते, तर आपण केवढ्या ठेव्याला मुकलो असतो!

तेव्हा आईबापांना आमचे एवढेच सांगणे आहे. मुलांच्या इंग्रजीला भिऊ नका, आणि आपल्याला ते येत नाही म्हणून गप्पही बसू नका. मूल अडखळले की त्याला विचारा, “हे आपल्या भाषेत कसे म्हणशील?” त्याने ‘ण्या’ किंवा ‘ल्या’ उच्चारला, की इंग्रजीत तेथे बहुधा ‘इंग’ येईल, एवढी खूण त्याच्या हाती राहील. ‘टु’पाशी शंका आली, तर ‘इट’ ठेवून पाहण्यास सांगा. कंदिलाच्या उजेडात धडा घेणाऱ्या बापालाही एवढे साधेल.